मोडीतली यादी

दोन घरचा पाहुणा उपाशी, असं माझी आई उठता-बसता म्हणायची. चंदीगडला पीएच.डी.साठी नाव नोंदवलं तेव्हा मला ते आठवायला हवं होतं. त्याऐवजी मी कोल्हापूरच्या मैत्रिणींना मोठ्या तोऱ्यात पत्रं धाडली, की बायांनो, तुमच्या वाट्याला एकेक मार्गदर्शक आला, मला दोन मिळालेत. एक इतिहासाचे सर आणि एक समाजशास्त्राच्या मॅडम. इतिहास दुसऱ्या मजल्यावर होता, समाजशास्त्र तळमजल्यावर. आंतरविद्याशाखीय या भल्याथोरल्या शब्दाचा अर्थ जिना असा होतो, हे मला पहिल्याच हिवाळ्यात कळलं.

नवरा हवाई दलात. त्याची चंदीगडला बदली झाली तेव्हा मी इतिहास घेऊन एम.ए. झाले होते, मोडी लिपीची परीक्षा दिली होती, आणि या दोन्हींचा उपयोग करावा असं त्या गावात काहीही नव्हतं. हवाई दलाच्या स्टेशनवरच्या इतर बायका स्वेटर विणत. मी एक मोजा विणायला घेतला होता, तो शेवटपर्यंत मोजा झाला नाही. तीन वर्षांची बदली आहे, तेवढ्यात प्रबंध उरकतो, असं मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "कर की." त्याला तरी काय माहीत होतं!

विषय मला एका आंब्याच्या झाडाने दिला. चंदीगड हे पट्टीने आखलेलं शहर. रस्ते सरळ, चौक गोल, झाडंसुद्धा परेडला उभी केल्यासारखी. पण सेक्टर चौतीसच्या बाजूला एकदा मी जुने आंबे पाहिले, आणि ते कुठल्याच रांगेत नव्हते. वेडेवाकडे, आपल्याला हवे तिथे उभे. तिथल्या माळ्याला विचारलं तर तो म्हणाला, "ये शहर के नहीं हैं जी, ये गाँव के हैं." कुठलं गाव? तर त्याने पायाखाली बोट दाखवलं.

शहर बांधायचं ठरलं तेव्हा तिथली गावं उठवली होती, हे पुस्तकात एका ओळीत असायचं. ती ओळ संपली की लगेच आराखडे, इमारती, सिमेंट. मला त्या ओळीतल्या एका गावाचा इतिहास लिहायचा होता. महसुली कागदांतून लिहायचा होता आणि उठवलेल्या माणसांच्या तोंडूनही. कागदांसाठी सर आणि माणसांसाठी मॅडम, अशी ती दोन मार्गदर्शकांची सोय होती. कल्पना चांगली होती, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

सर उंच, किडकिडीत, एप्रिलपर्यंत स्वेटर घालणारे. माझं पहिलं प्रकरण त्यांनी चिमटीत धरून परत दिलं. "देखिए, एक बुढ़िया कहती है कि कुआँ था. कौन बुढ़िया? किसकी बीवी? नाम नहीं, तो तळटीप नहीं. तळटीप नहीं, तो इतिहास नहीं." (तळटीप हा शब्द अर्थात माझा, त्यांनी इंग्रजी वापरला होता. पण राग मला मराठीतच आठवतो.) मी नावं घातली आणि खाली गेले. मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. "बेटा, तुमने सबके नाम लिख दिए? इन दिनों में?" समाजशास्त्रात बोलणाऱ्याचं नाव कधी उघड करत नाहीत, त्याला क्रमांक देतात, आणि त्याच्या घरात कोण कोण आहे, मुलगे किती, वय काय, काम कुठे, याचा तक्ता भरतात. मी नावं काढून क्रमांक घातले, तक्ते जोडले आणि वर गेले. सर म्हणाले, "ये जनगणना किसने माँगी?"

असं चार वेळा झालं. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना. दोघांनी एका खोलीत बसून माझ्यासमोर काय ते ठरवावं, म्हणून मी अर्ज केले. दर सहा महिन्यांनी समितीची बैठक असे. पहिली बैठक संचारबंदीत गेली, दुसरी कुणाच्या तरी हत्येनंतरच्या बंदमध्ये. तिसरीला सर आले तर मॅडम जालंधरला अडकलेल्या, बस बंद.

पंजाबातले ते दिवसच तसे होते, दहशतवादाचे. सकाळी वर्तमानपत्र उघडलं की पहिल्या पानावर मृतांची यादी, आणि आपण चहा पीत ती वाचायचो, इतकी सवय झाली होती. संध्याकाळ झाली की रस्ते ओस. ग्रंथालय चारलाच बंद करायचे. दर चौकात वाळूची पोती आणि त्यामागे बंदुका. खेड्यांतल्या लोकांना दोन्हीकडून धास्ती होती, बंदूक घेऊन येणाऱ्या पोरांची आणि पोरांना शोधत येणाऱ्या पोलिसांची. कुणाचं नाव कुठल्या कागदावर आहे, यावर माणसाचं बरंवाईट ठरायचं. आणि मी त्या गावांत जाऊन म्हणत होते, सत् श्री अकाल, जरा आपलं नाव सांगता का?

अखेर चौथ्या बैठकीत दोघं समोरासमोर आले. दीड तास आपापल्या शास्त्राची बाजू मांडून झाल्यावर तोडगा निघाला. प्रबंधात फक्त क्रमांक येतील. कुठला क्रमांक कोण, घरात कोण कोण, याची यादी मी वेगळी ठेवायची, कुणाला दाखवायची नाही आणि प्रबंध सादर करताना बंद लिफाफ्यात परीक्षकांपुढे ठेवायची. दोघांनी सह्या केल्या. मी इतकी आनंदले की परत येताना सायकल रिक्षावाल्याशी घासाघीससुद्धा केली नाही.

ती यादी मी मोडीत लिहिली.

कोणी सांगितलं होतं? कोणीही नाही. पण मला वाटलं, वही हरवली, चोरीला गेली, तरी या मुलखात मोडी वाचणारा माणूस मिळायचा नाही. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग हात न उचलता तिला अक्षरं लटकवत जायची, हे मी कोल्हापूरला शिकले तेव्हापासून मला त्याचा कोण अभिमान! एकतीस माणसं मी त्या रेघांना टांगली. नाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, आताचं गाव, मुलगे, त्यांची वयं, काम. वही तांदळाच्या डब्यात ठेवली. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मीच.

क्रमांक चार ही एक म्हातारी होती. तिला सगळे बीजी म्हणत, मीही म्हणे. गाव उठल्यावर त्यांचं कुटुंब दोन ठिकाणी भटकून शेवटी डेराबस्सीजवळ स्थिरावलं होतं. धाकटा मुलगा तिथल्याच एका रसायनाच्या कारखान्यात कामाला होता. बाकीचे लोक मला पाहिलं की सावध व्हायचे, ही बाई सरकारची की कुणाची, असा विचार त्यांच्या डोळ्यांत दिसायचा. बीजीने पहिल्या दिवशी माझा टेपरेकॉर्डर उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "एह रोटी वी खांदा ए?" मग मला खाटेवर बसवून म्हणाली, आता विचार.

काय बोलायची ती! कुठल्या घराची भिंत कुठल्या घराला लागून होती, टोभ्यावर, म्हणजे गावतळ्यावर, कुठल्या सुनेची म्हैस बसली की उठायची नाही. एकदा मी विचारलं, बीजी, विहीर नक्की कुठे होती? तर ती उठली, परातीतून मूठभर पीठ घेतलं आणि अंगणात गाव काढायला बसली. पिठाची रेघ म्हणजे गल्ली, पिठाचा ढीग म्हणजे घर. सून आतून ओरडत होती की आटा वाया चाललाय. बीजीने तिकडे लक्षही दिलं नाही. आंबे काढले, ते तसेच वाकडेतिकडे. मी ते पाहिले होते, अगदी त्याच जागी. मी तो नकाशा कागदावर उतरवून घेतला आणि घरी येऊन यादीच्या वहीतही काढून ठेवला. सरांनी नंतर विचारलं, "स्केल क्या है?"

त्या दिवशी निघताना बीजी म्हणाली, "मेरा नां लिखीं, पुत्त."

मी तिला समजावलं. पुस्तकात नाव यायचं नाही, क्रमांक येईल. तुमच्या भल्यासाठीच आहे, दिवस कसे आहेत ते पाहता ना?

"नंबर?" ती म्हणाली. "नंबर तां बस दा हुंदा ए. मैं बस आं?"

मी हसले. ती नाही हसली. ती म्हणाली, पटवाऱ्याच्या कागदात आधी सासऱ्याचं नाव होतं, मग नवऱ्याचं आलं, आता मुलांचं आहे. मी त्या गावात लग्न होऊन आले, विहिरीचं पाणी काढलं, तिथेच दोन पोरं पुरली, आणि माझं नाव कुठल्याही कागदात नाही. तू लिहिते आहेस तर लिही. मी पुन्हा तेच सांगितलं, मॅडमनी सांगितलेलं, नियमाने, हळू आवाजात. तुमचं नाव मी कोणालाही सांगणार नाही बीजी, पक्का. तिने खांदे उडवले आणि माझ्या पिशवीत गूळ घातला.

प्रबंध जवळपास टाइप होऊन तयार होता तेव्हा सरांनी नवं घोडं अडवलं. यादीतल्या सहा माणसांची वयं लिहायची राहिली आहेत, हे मीच त्यांच्यासमोर बोलून गेले होते. वय नाही तर ती व्यक्ती गाव उठलं तेव्हा किती वर्षांची होती हे कसं कळणार? मुद्दा बरोबर होता, हीच तर चीड होती, सरांचे मुद्दे नेहमी बरोबर असायचे. नवऱ्याच्या बदलीचा हुकूम कधीही येईल अशी हवा होती. मला एका दिवसात सहा घरं उरकायची होती. आणि कुठल्या घरात कुणाचं वय राहिलंय ते आठवेना, म्हणून मी पहिल्यांदाच ती वही तांदळाच्या डब्यातून काढून पिशवीत टाकली.

परतीच्या बसमध्ये भरदुपारी चंदीगडच्या अलीकडे नाका लागला. हे रोजचंच होतं. पुरुषांना खाली उतरवून रांगेत उभं करायचे, बायका आत बसून राहायच्या आणि एक महिला शिपाई पिशव्या चाचपायची. तिने माझ्या पिशवीतून वही काढली, उघडली, आणि तिचा हात थांबला. एका पानावर गल्ल्या, विहीर, घरं असा हाताने काढलेला नकाशा. पुढच्या पानांवर आकडे, आणि आकड्यांपुढे तिने जन्मात न पाहिलेली अक्षरं. तिने खिडकीतून हाक मारली. बस माझ्याशिवाय पुढे गेली.

चौकी म्हणजे एक खोली, पंखा, टेबल आणि भिंतीशी बाक. अधिकारी माझ्याच वयाचा असेल, डोळे झोपेने तांबारलेले. त्याच्याशी बोलताना मला आधी रागच होता, भीती नव्हती. "ये कौन सा कोड है, मैडम?"

"कोड नाही, मोडी आहे," मी मराठीत बोलून गेले, मग हिंदीत सांगितलं. ही आमची जुनी लिपी आहे, दफ्तरांची. मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे.

"इतिहास की विद्यार्थी पंजाबियों के नाम पुरानी मराठी में क्यों लिखेगी?"

या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते सांगायला दोन मजले आणि एक जिना लागला असता. एका म्हाताऱ्या हवालदाराने वही हातात घेऊन डोळ्यांपासून लांब धरली आणि म्हणाला, "लंडे वरगी लगदी ए साब जी." म्हणजे लंडेसारखी दिसते. लंडे ही तिकडच्या दुकानदारांची जुनी लिपी, वह्या लिहिण्याची. त्याचे आजोबा लिहायचे. बिचारा माझ्या मदतीलाच आला होता. पण साहेबाला दुकानदारांशी कर्तव्य नव्हतं.

मी सांगितलं की माझा नवरा हवाई दलात आहे. त्याने लगेच पाणी मागवलं, खुर्ची दिली, स्टेशनला फोन लावायला सांगितला. आवाज बदलला. वही मात्र टेबलावरच राहिली. तो म्हणाला, "आप पर शक नहीं है, मैडम. पर ये काग़ज़ मैं बिना पढ़े कैसे जाने दूँ? आप ही पढ़ दीजिए. बात ख़त्म."

आज मला बसून दहा गोष्टी सुचतात. ही घरच्या सामानाची यादी आहे, असं सांगता आलं असतं. पूर्वजांची वंशावळ आहे म्हणता आलं असतं. काहीही म्हटलं असतं तरी त्या मुलखात मला खोटं पाडणारा एक माणूस नव्हता. पण मला वाटलं, आपण कुठे काय चोरलंय? नावं आहेत, म्हाताऱ्या माणसांची. आपण स्पष्ट वाचून दाखवलं की याला कळेल, यात काही नाही. मला माझा निर्दोषपणा सिद्ध करायचा होता, आणि त्यासाठी मी दुसऱ्यांची नावं वापरली. हे मला त्या खुर्चीत कळलं नाही.

मी वाचलं. स्वच्छ, न अडखळता, मोडीच्या परीक्षेत वाचलं होतं तसं. हवालदार रजिस्टरमध्ये उतरवून घेत होता. क्रमांक एक, नाव, बापाचं नाव, गाव, मुलगे दोन, वयं, कामं. क्रमांक दोन. क्रमांक तीन. चारला हवालदाराने विचारलं, "नां फेर दस्सो जी," आणि मी बीजीचं नाव पुन्हा, सुटं सुटं करून सांगितलं. मग तिच्या मुलाचं, त्याचं वय, कारखाना. सरांना हवी ती नावं आणि मॅडमना हवे ते तक्ते, दोन्ही शास्त्रं साडेतीन वर्षांत पहिल्यांदा एकत्र आली ती त्या टेबलावर. एकतीस माणसं संपायला पाऊण तास लागला. अधिकाऱ्याने वही मला परत दिली आणि आभार मानले.

नवरा न्यायला आला. घरी आल्यावर म्हणाला, "अगं, तू इतिहास शिकायला गेली होतीस की खानेसुमारी करायला?" मी त्याच्यावर इतकी ओरडले की शेजारच्या क्वार्टरचं दार उघडलं. दुसऱ्या दिवशी त्याला त्याच्या साहेबांपुढे उभं राहून माझ्याबद्दल उत्तर द्यावं लागलं, तेही त्याने मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं.

पंधरा दिवसांनी मी बीजीकडे गेले. सुनेने दार अर्धं उघडलं आणि तसंच धरून ठेवलं. मुलगा मागून आला. तो माझ्याशी कधी फार बोलायचा नाही, त्या दिवशी बोलला. त्याला कारखान्याच्या फाटकावरून नेलं होतं आणि दोन दिवस चौकीच्या बाकावर बसवून ठेवलं होतं. हात लावला नाही, तेच तेच विचारत राहिले, ती बाई तुझं नाव का लिहून घेते, नकाशा कशाचा आहे. सोडलं. पण कारखान्याने महिनाभर फाटकाच्या आत घेतलं नाही, पोलिसांनी नेलेला माणूस कोणाला हवा असतो? तो म्हणाला, "मैडम जी, हमने तो कहा था नाम मत लिखो. बीजी ने ही ज़िद की थी कि आपसे बात करेंगे." मग त्याने मलाच हात जोडले, की आता येऊ नका. मला तिथेच रडू आलं, आणि त्याचीही लाज वाटली, कारण रडायचा हक्क त्या घरात माझा नव्हता.

प्रबंध मी तरीही सादर केला. का केला म्हणाल तर साडेतीन वर्षं. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी सरांनी बोलावलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी यादीचा लिफाफा उघडला होता आणि त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. सर म्हणाले, फार साधी गोष्ट आहे, उद्या सकाळी टायपिस्टसमोर बसा, वाचा, तो उतरवेल, मी आणि मॅडम सही करू. दहा वाजेपर्यंत होईल.

त्यांनी लिफाफ्यातली वही माझ्यापुढे सरकवली. खिडकीतून ऊन येत होतं, टेबलावर माझ्या प्रबंधाच्या पाच प्रती होत्या, निळ्या कापडात बांधलेल्या.

"मुझसे पढ़ा नहीं जाता, सर," मी म्हणाले.

"आपने ही लिखा है ना?"

"जी. पर अब नहीं पढ़ा जाता."

सरांना वाटलं मी थट्टा करते आहे. मग वाटलं मी आजारी आहे. शेवटी त्यांनी खाली फोन केला आणि मॅडम जिना चढून वर आल्या. सगळ्या वर्षांत मी त्यांना दुसऱ्या मजल्यावर कधी पाहिलं नव्हतं. मॅडमना चौकीचं मी सांगितलेलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "रहने दीजिए." सर म्हणाले, रहने कसं देणार, साधनं तपासता येत नाहीत तो इतिहास नव्हे. याही वेळी त्यांचा मुद्दा बरोबर होता. प्रबंध सुधारणेसाठी परत आला, सुधारणा एकच, यादी वाचनीय स्वरूपात जोडावी. मुदत एक वर्ष. दोन महिन्यांत आमची बदली दक्षिणेला झाली आणि वर्ष सरलं.

इतकं सगळं घालवून मी कोणाचं काही वाचवलं का? नाही. यादी तर जिथे जायला नको तिथे आधीच गेली होती. परीक्षकांपासून लपवून आता काय राहणार होतं? नवऱ्यानेही हेच विचारलं. मला एवढंच माहीत होतं की ती नावं माझ्या तोंडून पुन्हा निघणार नाहीत.

निघण्याच्या आठवड्यात मी येऊ नका सांगितलेल्या घरी गेले. मुलगा हापशावर हातपाय धूत होता. मला बघून त्याने पाठ फिरवली, पण अडवलं नाही. बीजी त्याच खाटेवर बसली होती. एका वर्षात बारीक झाली होती. मी पायाशी बसले आणि सांगितलं, चालले बीजी, बदली झाली.

"ते किताब?" तिने विचारलं.

"किताब नहीं बनी, बीजी."

"नंबर वाली वी नहीं?"

"नहीं."

मग तिच्या चेहऱ्यावर सुरकुत्या हलल्या आणि ती हसायला लागली, दात नसलेलं, खरंखुरं हसू. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "चल कोई ना. थाणे विच तां लिखिया होया ए मेरा नां."

पोलीस ठाण्यात तरी तिचं नाव लिहिलेलं होतं. ती टोमणा मारत होती की समजूत काढत होती, हे मला तेव्हाही कळलं नाही.

बीजी आता हयात असणं शक्य नाही. तिच्या मुलाचं मला ठाऊक नाही, म्हणून इथेही तिचं नाव लिहीत नाही. वही माझ्याकडे आहे. मोडी मी बरीचशी विसरले, पानंच्या पानं आता मला लागत नाहीत. चौथी ओळ वाचता येते.